चार दिवसांचं वाचन

चारुलताकाकू कधी वाचून दाखवणार, हे बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यातल्या त्या गल्लीच्या पोरांना पाठ झालं होतं. महिन्यातले चार दिवस, दुपारी, मागच्या खोलीच्या खिडकीतून. काकू आत, पोरं बाहेर ओट्यावर, मधे गज. काकूंना शिवायचं नाही, एवढंच त्यांना घरून बजावलेलं असे. का, ते लहानांना ठाऊक नव्हतं. ज्या मोठ्या मुलींना ठाऊक होतं त्या गप्प राहत.

पाळीत बाईनं बाजूला बसायचं, ही त्या घरची रीत. आजच्या काळातही, हातात मोबाइल आणि दारात स्कूटर असलेल्या घरात, ती सासूबाईंनी, म्हणजे गोदाबाईंनी, नेटानं चालवली होती.

एरवी चारुलताला पुस्तक हातात धरायची सोय नव्हती. नवऱ्याचं, योगेंद्रचं, कापडाचं दुकान. त्याचा डबा, न सांगता जेवायला येणारे व्यापारी, धुणं, वाळवणं. सून जरा टेकली की गोदाबाईंना नेमकं काहीतरी आठवायचं. पुस्तक दिसलं तर मग विचारूच नका. "परीक्षा आहे का तुही?" म्हणत त्या निवडायच्या तांदळाचं सूप तिच्यापुढे सरकवत. चारुलताचे वडील गावातल्याच लालबागेत मास्तर होते. लग्नात त्यांनी भांड्यांबरोबर पेटीभर पुस्तकं दिली. सासरी त्या पेटीला जागा सापडेना, म्हणून ती गेली मागच्या खोलीत.

पहिल्यांदा त्या खोलीत बसवलं तेव्हा चारुलता रडरड रडली. चटई वेगळी, ताट वेगळं, पाणी वरून ओतायचं. दुसऱ्या खेपेला तिनं पेटी उघडली. आणि मग कुणापुढे बोलता येणार नाही अशी गोष्ट झाली. ती त्या दिवसांची वाट बघायला लागली. कंबर ठणकायला लागली की मनातून खूश होणारी बाई साऱ्या बुऱ्हाणपुरात हीच असेल. तिला त्याची लाजही वाटे.

मुलगी तेजस्विनी चालायला लागली तेव्हा खिडकीखाली उभी राहून आईसाठी टाहो फोडायची. घेता तर येत नव्हतं. मग चारुलतानं गजाआडून तिला गोष्ट वाचून दाखवली. पोर गप्प झाली. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन आली, मग गल्ली जमली. पोरं हिंदी शाळेतली, मराठी अडखळत वाचणारी. चारुलता गोष्ट ऐन रंगात आणून थांबायची आणि पुस्तक बाहेरच्या कोनाड्यात ठेवून द्यायची. पुढचं ज्याचं त्यानं वाचावं. पोरं वाचायची, भांडून वाचायची. तेजस्विनी तर जेवताना, वेणी घालून घेताना, जिन्यात, जिथे तिथे वाचायची. आपल्या हातून एवढं एक काम तरी नीट झालं, असं चारुलताला वाटे.

मग तेजस्विनीला पाळी आली. गोदाबाईंनी ताट, तांब्या, चटई काढून दिली. चारुलता पोरीची समजूत घालायला म्हणून दाराशी गेली, तर पोर तीन पुस्तकं उशाला घेऊन ऐसपैस पसरलेली.

"आई, टेन्शन मत ले," ती हसत म्हणाली. "चार दिवस कुणी उठवणार नाही. मस्त आहे ना? तू पण तर इथंच वाचते."

इतकी वर्षं आपण पोरीला वाचायला शिकवतोय असं चारुलता समजत होती. पोरीनं हेही शिकून घेतलं होतं, की बाईनं वाचायचं ते कोंडल्यावर.

तिनं तेजस्विनीचा हात धरला, सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि गोदाबाईंसमोर पाटावर बसवलं.

"आजपासून ही बाजूला बसणार नाही," ती म्हणाली.

गोदाबाईंनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. योगेंद्र म्हणाला, "आई का दिल मत दुखाओ यार, चार दिवसांचा तर प्रश्न आहे." चारुलता हटली नाही. शेवटी गोदाबाईच म्हणाल्या, "रीत मोडायची ना? मग दोघींचीबी मोडली. तुलेबी आता ती खोली नाही. चारी दिवस चुलीपुढे उभी राहाय."

एवढा हिशेब चारुलतानं केला नव्हता. तरी ती "बरं" म्हणाली.

त्या खोलीत आता दुकानाचे गठ्ठे असतात. खिडकी त्यांच्यामागे गेली. पोरं दोनचारदा ओट्यावर येऊन बसली, मग यायची थांबली. चारुलतानं त्यानंतर एक पुस्तक पुरं केलेलं नाही. रात्री पान उघडलं की डोळे मिटतात. पुस्तकांची पेटी मात्र तिनं बैठकीत आणून ठेवली आणि तेजस्विनीला सांगितलं, "इथं, सगळ्यांसमोर बसून वाच. कुठल्याही दिवशी वाच."

तेजस्विनी वाचते. भर दुपारी, घरच्या मधोमध, पाय झोपाळ्यावर घेऊन. वाचायला लागली की तिला काही ऐकू येत नाही.

गोदाबाईंना अजून मधेच काहीतरी आठवतं. आतून त्या हाक मारतात, "तेजू, ए तेजू."

आणि कणकेचे हात तसेच घेऊन चारुलता उठते. "आले," ती म्हणते.