सिद्रामप्पांचं बोट

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना मोडलेले शेकड्यांनी हात अहमदपूरच्या सिद्रामप्पांनी बसवले. जिल्ह्याचं ठिकाण तेव्हा उस्मानाबाद. तिथल्या दवाखान्यात पोचेस्तोवर हाड वाकडंच जुळायचं. मग अप्पांशिवाय होतं कोण?

त्यांचं माप साधं होतं. पट्ट्या सोडल्या की हात जोडायला लावायचे, कोपरं वर उचलायला सांगायचे. मनगट आखडलेलं असलं की तळहात खालून सुटतात. त्या फटीत अप्पा आपली बोटं घालायचे. दोन-तीन मावली तर तेल चोळ, एक मावलं तर जा कामाला.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला आणि अप्पांच्या ओट्यावरची गर्दी पांगली. दोन वर्षांनी लातूरच्या दवाखान्यात रोग्यांकडून हाताचे व्यायाम करून घ्यायला पंचशीला नोकरीवर आली. हिचंच मनगट अप्पांनी खडीच्या कामावर बांधलं होतं! आता तिच्याकडं दोन पात्यांचा कोनमापक होता. एक पातं मनगटामागं कोपराकडच्या हाताला, एक करंगळीमागच्या हाडाला लावलं की मनगट किती अंश वळतं ते कळायचं, आणि लोक तो आकडा गावभर मिरवायचे. अप्पांच्या पोटात दुखायचं. सरळ सांगायचं तर ते जळत होते, आणि ते झाकायची अक्कलही त्यांना नव्हती.

"अंशानं भाकर थापता येती का?" येईल त्याला ते विचारायचे.

शेजारच्या धुरपताबाईंचं मोडलेलं मनगट अप्पांनीच बसवलं होतं. पट्ट्या सोडून त्यांना "एकच बोट मावलंय, हात बरा हाय" असं सांगितलं, तरी त्या लातूरला निघाल्या. अप्पाही एसटीत चढले. पोरीला खोटं पाडायचं, एवढंच मनात.

पंचशीलानं पाती लावली. "पंधरा अंश कमी हाय, अप्पा. भाकर थापताना दुखत असंल."

"दुखतंय की," धुरपताबाई पुटपुटल्या. "पर अप्पा बरा म्हणले, मग कसं बोलावं?"

अप्पा उसळले. "मह्या बोटानं हजार हात मोजले! तुहा बी!"

पंचशीलानं धुरपताबाईंना हात जोडायला लावून आपली बोटं फटीत घातली. दोन गेली, तीही सैल.

"बाईची बोटं बारीकच," म्हणत अप्पांनी आपलं घातलं. एकच गेलं, घट्ट.

तेव्हा त्यांनी त्या बोटाकडं नीट पाहिलं. सांधे सुजले म्हणून तीन सालांपूर्वी सोनारानं त्यातली चांदीची अंगठी कापून काढली होती. बोट जाड झालं होतं, माप तेच राहिलं होतं. तेव्हापासून कामाला धाडलेले हात त्यांना एकेक करून आठवायला लागले. दुखतंय म्हणून एकही परत आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अप्पा ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवत होते. "तीन सालांत म्या ज्याला बरं म्हणलं, त्यानं लातूरला जाऊन हात दाखवा." एवढं बोलून गप्प बसावं, तर तेही जमेना. "त्या पोरीचा हात बी म्याच बसवलाय. नीट बसवलाय. तवा मह्या बोटात अंगठी ढिली व्हती."