भाऊजींची लाल काच

कंदिलाची काच राखेने घासली की लखलखते, हे ज्ञान मी माहेरून आणले होते. चाळिशी उलटली तरी जगातल्या सगळ्या काचा कंदिलाच्याच, अशी माझी समजूत. म्हणून भाऊजींच्या कॅमेऱ्याच्या फिल्टरवरचा जांभळट तवंग मला तेलकट हाताचा वाटला. ओल्या फडक्यावर चुलीतली राख घेतली आणि तो निघेपर्यंत घासला. वर फिल्टर पदराने पुसून कोनाड्यात ठेवला आणि शाबासकीची वाट बघत बसले. बावळट कुठली!

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. भोकरदनच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. लग्न केले नाही, राहायचे आमच्यातच. वीज गेली की सगळी गल्ली बोंबलायची आणि हे गच्चीवरून टाळ्या वाजवायचे. "वहिनी, अंधार फुकट मिळून राह्यला, या वर!"

साखरेच्या आजाराने त्यांची नजर उतरत चालली होती. ती पुरती जाण्याआधी एकच गोष्ट त्यांना बघायची होती. मृग नक्षत्रात लाल वायूचा पडदा आहे, त्यापुढे घोड्याच्या मुंडक्यासारखा काळा ढग. तो घोडा, स्वतः काढलेल्या फोटोत. त्यासाठी त्यांनी नवाकोरा डिजिटल कॅमेरा उघडला आणि आतली, लाल प्रकाश अडवणारी काच काढून टाकली. आमचे हे ओरडले, "अरे, चांगल्याभल्या कॅमेऱ्याचं पोट कशाला फाडून राह्यला?"

मग एकाच मूलद्रव्याचा प्रकाश आत सोडणारा फिल्टर निवडण्यात अख्खा पावसाळा गेला. ऑक्सिजनचा, गंधकाचा की हायड्रोजनचा? ऐपत एकाची. "घोड्यामागचा पडदा हायड्रोजनचा, मंग त्योच बराबर," हे लवकर ठरले. पण किती बारीक घ्यायचा, यावर ते घास हातात धरून बसायचे. मी पीठ चाळत होते, तेव्हा म्हणाले, "फिल्टर म्हंजी चाळणीच, वहिनी. त्या कापसाच्या जिनिंगचे पिवळे दिवे वर अडकावे, लाल तेवढं खाली पडावं. पण आपल्या लेन्सचा प्रकाश तिरपा शिरतो. फार बारीक चाळणी घेतली तर कोंड्यासंगं पीठबी वरच राहील." शेवटी मधला मागवला.

तोच मी घासला. तो तवंग म्हणजेच फिल्टर होता. नको ते रंग परतवणारे पातळ थर. भाऊजींनी काच खिडकीशी धरली. उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "लई साफ झाली. वाढा जेवायला." त्या दिवशी मी भाजीत मीठ विसरले आणि त्यांनी ते मागितलेही नाही. ओरडले असते तर बरे झाले असते.

दुसरा फिल्टर यायला पुढचा हिवाळा उजाडला. तोवर ते माणसे आवाजावरून ओळखू लागले होते. गच्चीवर ते सांगायचे, मी करायची: तारा टिपक्याएवढा होईस्तोवर लेन्सची कडी फिरवायची, बटण दाबायचे, पाय हलवायचा नाही. संगणकावर चित्र आले. लाल पडदा, आणि त्यावर खरोखरचा घोडा. मी बघत होते. ज्याला बघायचे होते तो शेजारी बसला होता, तोंड स्क्रीनच्या जरा चुकीच्याच बाजूला करून.

पुढचा मृग उगवायच्या आत भाऊजी गेले. राखेची गोष्ट मी नातवंडांना हसत सांगते. तिचा शेवट सांगत नाही. त्या रात्री, भाऊजी शेजारी असताना, त्या चित्रासमोर मला हुंदका आवरेना. "भाऊजी, माझ्या राखेनं तुमचा घोडा गेला हो!"

ते आवाजाच्या दिशेने वळले.

"काच तुम्ही घासली वहिनी, माझे डोळे न्हाई घासले. रडणं बंद करा आन् बोला जल्दी, घोड्याचं तोंड कोणीकडं हाये?"