लालसूच्या हातची जावा

बल्लारशाला गाडीतून उतरले, तेव्हा ताई फलाटावरच्या नळाशी हात धूत होती. बहीण इतक्या दिवसांनी भेटत होती, पण आधी तो लाल साबण कागदात गुंडाळून पिशवीत गेला आणि मगच मला मिठी मिळाली. लहानपणी नगरला आई म्हणायची, "धुऊन धुऊन या पोरीच्या हातावरच्या रेषा जायच्या एक दिवस!" आता ताई चांदा जिल्ह्यातल्या जंगलात मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि महारोग्यांच्या जखमा धुणे हेच तिचे काम होते. आवड आणि नोकरी एकच झाली म्हणायची, असे मी म्हटले, तर पाठीत धपाटा बसला.

सकाळी सर्व्हिस मोटारीने निघालो. शेजारच्या बाईची कोंबडी माझ्या पायाशी निजली होती आणि सुक्या मासळीची टोपली डोक्यावर हेलकावत होती. वैनगंगेशी मोटार थांबली. नावेने पलीकडे जायचे आणि तिथे दुसरी मोटार. नावेत चढताना माझी नवी चप्पल पायातून निसटली आणि डौलात प्रवाहाला लागली.

"बाई, तुमची चप्पल तर पोहून राह्यली!" नाववाला हसला आणि बांबूने ती ओढून दिली.

पलीकडे सागाचे जंगल सुरू झाले. एकेक पान पत्रावळीएवढे. थंडीचे दिवस होते, पानांवरचे दव टपटप गळत होते आणि मोटारीचा आवाज थांबला की तेवढेच ऐकू येत होते. मला हे जंगल पाहताक्षणी आवडले.

दवाखाना म्हणजे कौलारू छपराच्या मातीच्या खोल्या आणि शेणाने सारवलेले अंगण. तिथे लालसू आमची वाट पाहत बसला होता. हा माडिया गोंड शेतकरी. रोगाने त्याच्या उजव्या हाताची बोटे आखडली होती, काही झडली होती. कित्येक वर्षे तो गावाबाहेर नाल्यापलीकडच्या झोपडीत राहत होता. त्याची बायको पाली नाल्याकाठच्या एका दगडावर जेवणाचे गाडगे ठेवून मागे फिरायची. ती दूर गेली की तो येऊन गाडगे उचलायचा. रांगती मुलगी सोडून तो निघाला होता, ती आता डोक्यावर घागर घेऊन पाण्याला जात होती. गोळ्यांनी आता तो बरा झाला होता. उद्या गाव त्याचा निर्णय करणार होते. रीत अशी, की परत येणाऱ्याने आपल्या हाताने गायत्याला (गावप्रमुखाला) जावा (तांदळाची आंबूस पेज) द्यायची. तो प्यायला तर माणूस घरचा, नाहीतर नाल्यापलीकडचाच.

"बाई, गायता माह्या हातचं पेईल का?" लालसूने विचारले.

"पिईल. का नाही पिणार?" ताई म्हणाली आणि हात धुवायला उठली.

दुसऱ्या दिवशी लालसूला घेऊन बैलगाडीने आम्ही गावात पोहोचलो, तेव्हा गोटुलापुढे (गावाच्या सामाईक घरापुढे) पुरुष बसले होते. बायका कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांत पाली आणि तिच्या पाठीमागे मुलगी. लालसूने पानांच्या द्रोणात जावा ओतली आणि वाकून पुढे धरली. गायता म्हणजे पांढऱ्या केसांचा काटक म्हातारा. त्याने द्रोण घेतला नाही. तो ताईकडे वळला.

"बाई, तू म्हंते लालसू बरा झाला. मंग त्याले हात लावला का तू साबनानं हात काऊन धुते? बाजाराच्या दिवशी दवाखान्यात आमी पाह्यतो ना."

"गायताभाऊ, मी सगळ्यांनाच तपासून हात धुते."

"तापवाल्याले पाहून एवढे नाई घासत."

जखमेतली घाण एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून धुते, असे ताईने सांगून पाहिले. पण लोक तिचे बोलणे ऐकत नव्हते, तिचे हात पाहत होते. मला रडू आले. ज्या हातांनी त्याला बरे केले, त्याच हातांनी त्याची वाट अडवली होती!

ताईने पिशवी माझ्या मांडीवर टाकली. लालसूचा आखडलेला हात तिने दोन्ही हातांत धरला, त्याच्याकडून द्रोण घेतला, जावा पिऊन टाकली, त्याच हाताने तोंड पुसले आणि खाली बसली. मग लालसूने द्रोण पुन्हा भरून मला दिला. खोटे कशाला बोलू, तो तोंडाला लावायला मन होईना. पण ताईकडे पाहिले आणि प्यायले. आंबूस, गार, किंचित धुराची चव. फार चांगली लागली.

गायत्याने तरीही द्रोण मागितला नाही. ऊन चढले, भात शिजला, गोष्टी दुसरीकडे वळल्या. त्याची नजर मात्र ताईच्या हातांवर. सवयीने तिचा हात मधूनच पिशवीकडे जायचा आणि परत यायचा. मला तिची दया येत होती आणि हसूही.

पाने मांडली गेली. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला गायता स्वतः भोपळ्याचा तुंबा घेऊन उठला. ताईने हात पदराखाली लपवले.

"मी नाही धुणार!"

म्हातारा पहिल्यांदाच हसला. "आता धू बाई, जेवाचं हाय." आणि तो लालसूकडे वळला. "ये, आधी तू."

लालसूने हात पुढे केले. गायत्याने त्यांवर पाणी घातले, मग ताईच्या, मग माझ्या आणि शेवटी स्वतःच्या हातांवर. मग ओल्या हातानेच त्याने मागितले, "आन तुही जावा." लालसूने दिली आणि तो प्यायला.

कुंपणाशी पाली पदरात तोंड घालून रडत होती. मुलगी काही बापाजवळ आली नाही, आईमागूनच टकमक पाहत राहिली. जेवण उरकल्यावर मात्र ती हळूच आली, बापाची उष्टी पत्रावळ उचलली आणि पळाली.

परतताना गाडी नाल्यातून गेली. काठच्या दगडावर गाडग्याच्या बुडाचे काळे वर्तुळ तेवढे उरले होते. ताई वळून वळून ते पाहत होती. पिशवीतला साबण तिने दवाखाना येईपर्यंत काढला नाही.

नगरला आले, तर चर्चमधल्या बायकांनी घेरले. मिशनचे काम कसे चालले आहे, किती लोक प्रभूकडे आले, त्यांना सगळे ऐकायचे होते. ते मला ठाऊक नाही, मी म्हटले. एक गाडगे दगडावरून उठून चुलीवर परत गेले, तेवढे मात्र मी डोळ्यांनी पाहून आले आहे.