जनसुनावणीतली रिकामी जागा

आई गेल्यानंतर एकविसाव्या दिवशी जनसुनावणी होती. आमच्या किनाऱ्यालगत कोळशावर चालणारं वीजकेंद्र आणि कोळसा उतरवायची जेट्टी उभारायचा बेत आहे. त्यावर गावांचं म्हणणं ऐकायला बोईसरबाहेरच्या मैदानात मांडव घातला होता. आईने आजारपणातच आपली हरकत लेखी पाठवली होती. लिहून मी दिली होती.

मी पालघरच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. पहिल्या मसुद्यात मी 'पारंपरिक उपजीविकेवर होणारा प्रतिकूल परिणाम' असं काहीसं लिहिलं होतं. सातपाटीच्या घराच्या ओट्यावर आईने ते शांतपणे ऐकलं.

"छान हाय," ती म्हणाली. "पन हा कोन बोलतो? मी तं नाय."

मग ती सांगत गेली आणि मी नुसतं उतरवत गेले.

मांडवात मी मागच्या खुर्चीवर बसले होते. पुढे सतरंजीवर आमच्या गावच्या चाळीसेक बाया होत्या. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. बराच वेळ बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या मासळीबाजारात बसतात त्याच क्रमाने बसल्या आहेत. कोपऱ्यात करंदीवाली, तिच्या शेजारी सुक्या मासळीच्या दोघी, तशाच पुढे सगळ्या. दुसऱ्या रांगेत एका माणसापुरती जागा मोकळी होती. ती आईची.

मांडवाचं काम बघणारा एकजण तिथे आला. "माताजी, थोडा सरको. इधर जगह खाली है."

"खाली नाय," मावशी म्हणाली. ही बाजारात आईच्या शेजारी जन्मभर बसलेली; नात्याची नव्हे, पण मावशीच. "बाय बसलीय तिथं."

"किधर बैठी है?"

"तुला नाय दिसनार. तू गिऱ्हाईक नाय."

आजूबाजूच्या बाया पदराआड हसल्या. तो निघून गेला.

एकेक नाव पुकारलं जात होतं. आईचं आलं. कुणी उठलं नाही.

"गैरहजर," कारकून म्हणाला.

मावशी उभी राहिली. "गैरहजर नाय, साहेब. वारली ती."

अधिकारी सौम्य, थकलेल्या चेहऱ्याचे होते. "वाईट झालं," ते म्हणाले. "पण मग ही हरकत मला नोंदवता येणार नाही. कुणीतरी ती आपली म्हणून इथे मांडायला हवी."

"आमचे बाजारात बाय मेली का म्हयनाभर तिची जागा तिचीच. तवर तिचा माल बाजूच्या बाया इकतात. म्हयन्यात पोर नायतर सून येऊन बसली, तं धंदा तिचा. नाय आली, तं जागा गेली."

"मग त्यांची मुलगी आहे का इथे?"

मावशी खाली बसली. तिने मागे वळून पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. मी कुठे बसले आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाजारातल्या जागेवर कुणी कुणाला ओढून बसवत नाही, आपल्या पायांनी यावं लागतं. आणि त्या जागेवर मी आयुष्यात कधी बसले नव्हते. आईनेच बसू दिलं नव्हतं. माझे हात पुस्तकांसाठी आहेत, असं ती म्हणायची.

आंदोलनं मी वाचली होती. त्यांतली माणसं चालायची, बोलायची, तुरुंगात जायची. इथे चाळीस पाठी नुसत्या स्थिर होत्या, आणि त्यांच्यापुढे मांडव, माईक, साहेब, पोलीस, सगळंच थांबलं होतं. इतकं मोठं काही मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

मी चपला काढल्या, पुढे गेले आणि बसले. मावशीने जराही न सरकता माईक माझ्याकडे दिला. हरकतीची माझ्याकडची प्रत उघडून मी वाचलं:

"मी बोंबील सुकवते. ओल्या बोंबलाला जे चिकटंल ते निघत नाय. धुतला तं नासतो. तुमची काजळी मी कशी काडू, ते सांगा. आदी दिवाळीपासून होळीपर्यंत आबाळ कोरडं असायचं. आता कंदीपन पाऊस येतो नि वलांडीवरचा माल कुजतो. कोळसा जाळून आबाळ बिगडतं, असं माजी पोर पुस्तकात बगून सांगते. मी वलांडीवर बगून सांगते."

"ही कुणाची हरकत म्हणून लिहू?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आईची," मी म्हणाले. "आणि माझी."

शेवटी सगळी नोंद मोठ्याने वाचून दाखवायची असते. तोवर खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. बाया हलल्या नाहीत. बोललेला भाव पुन्हा कानांवर पडल्याशिवाय त्या सौदा झाला असं मानत नाहीत. आईच्या हरकतीपाशी येऊन अधिकारी 'वलांडी'वर अडखळले.

"बोंबील टाकायचा मांडव, बांबूचा," कोपऱ्यातून करंदीवाली म्हणाली. त्यांनी मान हलवून तेही लिहून घेतलं. वाचन संपलं, तेव्हा सगळ्या एकदम उठल्या.

प्रकल्पाचा निर्णय अजून आलेला नाही.

सतरंजीची घडी घालताना मावशीने मला विचारलं, "ऐतवारी शाला नसते ना तुजी?"

"नसते."

"मंग बोंबलांची पाटी घेऊन ये. आज साहेबासमोर बसलीस, त्यात काय. गिऱ्हाइकासमोर बसून दाखव."

मी हो म्हणाले.