नमस्कारापुरतं पायथन

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावं, हे सांगायला अख्खं लोणावळं टपलेलं असतं. माझ्या बाबतीत ते काम बायकोने केलं. बाजारात तिचं चिक्कीचं लहानसं दुकान आहे.

"अहो, कारखान्यात एवढ्या मशिनी सांभाळल्यात, मग मला एक प्रोग्रॅम करून द्या," ती म्हणाली. "शनिवार-रविवारसाठी शेंगदाण्याची किती मागवायची, काजूची किती, हे त्याने सांगावं. सीझन लागेपर्यंत झाला तर ठीक, नाहीतर तुम्ही गल्ल्यावर."

गल्ला म्हणजे मला शिक्षाच. सगळ्या बरण्यांतली चव घेऊन पावशेर मागणारं गिऱ्हाईक बघितलं की माझं डोकं सटकतं. एकाला तर मी विचारलं होतं, "ताटच वाढू का?"

तेव्हा पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची संगणकाची भाषा, शिकायला घेतलं. पहिलं पुस्तक आणलं, चांगलं जाडजूड. पहिला धडा होतोय तोवर इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं वाचलं, की हे आता जुनं झालं. मग दुसरं आणलं. ते म्हणे पोरासोरांचं. तिसरं घेतलं, कारण त्याचा कागद छान होता. व्हिडिओवाले मास्तर शिकवण्याआधी बेल दाबा, बेल दाबा म्हणून इतकं सांगायचे की माझा चहा निवायचा. खरं सांगतो, पुस्तकांपेक्षा त्यांच्यावरचे अभिप्रायच मी जास्त वाचले. मजा म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा पहिला धडा एकच: पडद्यावर 'नमस्कार' उमटवा. सासुरवाडीत जावयालाही मिळत नसतील इतके नमस्कार मला त्या लॅपटॉपने घातले.

एक दिवस बायकोने कपाट उघडलं आणि फर्मान काढलं, "हातातलं संपल्याशिवाय नवं पुस्तक आणलंत, तर सीझनची वाट बघणार नाही. दुसऱ्या दिवशी गल्ला."

पण जित्याची खोड. पुढचं पुस्तक मी दुकानाच्या पत्त्यावर मागवलं आणि ती जेवायला घरी गेलेली असताना चिक्कीच्या रिकाम्या खोक्यात घालून, चिकटपट्टी लावून माळ्यावरच्या भरलेल्या खोक्यांत सरकवलं. अगदी मापात बसलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

शनिवारी गर्दी उसळली आणि खालचे भरलेले खोके संपले. शेजारच्या औंढे गावाहून पॅकिंगला येणाऱ्या मावशी माळ्यावर चढल्या आणि नेमका तोच खोका घेऊन उतरल्या.

"ह्यो लय जड लागतोय," त्या म्हणाल्या.

"जड तर जड, द्या इकडे," म्हणत बायकोने तो एका गिऱ्हाईक बाईंच्या हातात ठेवला.

मी समोरच उभा. बोलावं तर गल्ला, न बोलावं तर पुस्तक जातंय. बाईंच्या पुण्याच्या गाडीत बसून माझं पुस्तक वलवणच्या धरणाकडे निघून गेलं.

तासाभराने गाडी परत आली. त्याच बाई उतरल्या आणि त्यांनी खोका बायकोपुढे ठेवला. "धरणावर पोरांनी उघडला. ही चिक्की दातांना जरा जास्तच कडक आहे हो."

बायकोने आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची माशीही न हलू देता म्हणाली, "ती आमच्या घरच्यांची खास. चुकून तुमच्याकडे आली." त्यांना तिने एकाऐवजी दोन खोके चिक्की दिली. मावशींनी तोंडाला पदर लावला होता.

गर्दी ओसरल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली. "दाखवा, एवढ्या पुस्तकांत काय शिकलात."

मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर आलं, नमस्कार.

"आणि पुढे?"

पुढे काही नव्हतं. मला खरंच लाज वाटली. रागावली असती तरी चाललं असतं, पण ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"पुरे की," ती म्हणाली. "गल्ल्यावर तेवढंच यावं लागतं."

रविवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक पायरी चढलं. बायको मागे उभी राहून बघत होती. मी हात जोडले, म्हणालो, "नमस्कार." त्याने सगळ्या बरण्यांतली चव घेतली आणि पावशेर चिक्की मागितली.