वर जा, थांब, लिही

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे, तेव्हा आता माझी कुणी उडवली तर तक्रार नाही. पण हे भरदुपारी घडलं, आणि बघणारी मी एकटी नव्हते.

विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आधीचं वर्ष. मी पिंगळीहून रेल्वेनं परभणीला यायची, एका प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर मराठी टाईप करायला. तिथं एक निवृत्त गुरुजी आत्मचरित्र छापायला आले. कंपवातानं पेन धरता येत नव्हतं. शेजारी खुर्ची घेऊन, स्क्रीनकडं बघत ते बोलायचे आणि मी बटणं दाबायची.

"वर जा. आजून वर. थांब. हा शब्द खोड. आता लिही…"

पुढं पुढं तर त्यांचा आवाज आला की माझी बोटं आपोआप हलायची.

'माझं घर' या प्रकरणात त्यांनी सांगितलं, "मला दोन मुलगे." मी टाईप केलं. खरं तर एक मुलगीही होती — विमल; मी तिला ओळखत होते. तिनं एका बौद्ध शिक्षकाशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंद. त्या ओळीपाशी गुरुजी जरा घुटमळले. मग म्हणाले, "पुढं चल."

नंतर त्यांनी अंथरूण धरलं, येणं थांबलं. एका दुपारी त्यांचंच प्रकरण उघडं ठेवून मी डबा खायला घेतला. मालक शेजारी प्रुफं तपासत होते. हात माझे भाकरीला… आणि कर्सर वर सरकायला लागला. ओळीमागून ओळ. "मला दोन मुलगे" वर येऊन थांबला. पूर्णविराम खोडला गेला. मग एकेक अक्षर उमटलं — "आणि एक मुलगी".

"काय करायलीस?" मालकांनी विचारलं.

मी खरकटे हात वर करून दाखवले. त्यांनी प्रुफं खाली ठेवली आणि वाकून ती ओळ वाचली.

संध्याकाळच्या आत निरोप आला. गुरुजी दुपारीच गेले होते.

मी आणि मालक घरी भेटायला गेलो तेव्हा धाकटी सून हळूच म्हणाली, "शेवटी शुद्ध न्हवती बगा. निस्तं बोलायलते… वर जा, आजून वर, थांब, लिही. कुणाला म्हणायलते कुणास ठाऊक." थोरल्या मुलानं तिच्याकडं बघितलं. ती आत गेली.

मालकांनी नंतर त्याला ती ओळ दाखवली. तो म्हणाला, "काढून टाका."

मी म्हणाले, "मी न्हाई काढणार."

मालकांनी स्वतः काढली. एका बोटानं, बटणं शोधत. पुस्तक निघालं, हारतुरे झाले, समतेवर भाषणंसुद्धा झाली. विमलला बोलावणं नव्हतं.

पुढं एकदा ती देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत उभी दिसली. मला राहवलं नाही, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रडली वगैरे नाही.

"मुलगी लिहिलं का विमल लिहिलं?"

"मुलगी."

"म्हंजे मरतानाबी नाव न्हाई घेतलं," ती म्हणाली, आणि गाडी आली तशी चढून निघून गेली.

जाणकारांना विचारून झालं. कुणी म्हणतं बटण अडकलं असेल, कुणी म्हणतं व्हायरस. अडकलेलं बटण 'मुलगी' कसं लिहितं, हे मात्र कुणी सांगत नाही… मलाही ते आजवर कळलेलं नाही.