पोटातून बसलेली लाथ

मी माजलगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, हे फळ्यावर इतक्यांदा काढलंय की झोपेतही काढीन. पण दरवर्षी एखादी पोरगी विचारतेच, "मॅडम, मग ह्यात 'मी हाय' हे कवा कळतं?" एरवी फाडफाड बोलणारी मी, तिथं फळा पुसायला लागते.

मला आठवा महिना होता. एके दिवशी सकाळपासून बाळ हललंच नाही. गोड खाल्लं, डाव्या कुशीवर पडले. काही नाही. पाठ असलेलं सगळं ज्ञान मलाच भीती घालायला लागलं. नवरा गाडी आणायला पळाला. मी सासूबाईंवर उगाच खेकसले, "आत्याबाई, नुसतं बघत काय बसलात!"

सासूबाईंची हयात धारूरच्या डोंगरात शेरडं राखण्यात गेलेली. त्या उठल्या, अन् गाभण शेळीच्या कुशीला लावतात तसा गाल माझ्या पोटाला लावला.

"मी काय शेळी हाय का?"

"गप पड. लई शिकलीस."

मग रोज संध्याकाळी शेरडं बोलावतात तशीच त्यांनी खणखणीत हाळी दिली, "हुर्रर्र... या गं बायांनो, या!" झालं! अंगणातली झाडून सगळी शेरडं घरात घुसली, एक तर थेट बाजेवर चढली. अन् त्या गोंधळात आतून एक लाथ बसली, बरोब्बर सासूबाईंच्या गालावर.

"अगं बया! मारलं की मला!"

त्या गाल धरून हसत होत्या. मी रडत होते, हसत होते, शेळीला ढकलत होते. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तरी दवाखान्यात गेलोच. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले. सगळं ठीक होतं. "आवाज ओळखला असेल का हो?" मी विचारलं.

"ऐकू येतं त्याला. रोजचा आवाज ओळखीचाही होतो. पण त्याला आत काय वाटलं, ते कुणाला सांगता येणार?"

बाहेर आल्यावर हे सासूबाईंना सांगितलं. त्यांचं तोंड एकदम उतरलं.

"म्हंजी समदंच ऐकलं असंल?"

"काय समदं?"

त्या गाडीच्या दारात, चारचौघांत, माझ्या पोटाशी वाकल्या.

"तुझी आय लई गुणाची हाय बरं का," त्या हळूच म्हणाल्या. "मागं मी तिला बोललते, ते रागात बोललते."